परसबागेत शिकारी पक्षी येऊ लागल्यावर काय करावे आणि काय टाळावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरामागच्या लहानशा बागेत दाणे आणि पाणी ठेवल्यामुळे चिमण्या, होले, कबुतरे रोज येतात. काही दिवसांपासून एक शिकारी पक्षी तिथे झडप घालू लागला आहे आणि मुलांच्या डोळ्यांदेखत त्याने एक होला पकडला. आता त्याला हाकलावे का, दाणे टाकणे बंद करावे का, लहान पक्षी कायमचे निघून जातील का आणि घरातल्या लहान कुत्र्याला त्याच्यापासून धोका आहे का, हे विचारणाऱ्याला जाणून घ्यायचे आहे.

पक्षीनिरीक्षण आणि जखमी शिकारी पक्ष्यांची शुश्रूषा या दोन्ही कामांत दीर्घकाळ राहिल्यानंतर माझे मत स्पष्ट आहे. त्या पक्ष्याला हाकलू नये. बागेतल्या लहान पक्ष्यांच्या जिवावर उठणाऱ्या ज्या गोष्टी आहेत त्यांत त्याचा क्रमांक बराच खाली लागतो, आणि त्याच्या वरच्या बहुतेक गोष्टी, म्हणजे खिडकीची काच, उंदरांचे विष, मोकळी फिरणारी मांजर आणि न धुतलेली दाण्याची थाळी, माणसानेच तिथे आणून ठेवलेल्या असतात. लक्ष द्यायचे ते त्यांच्याकडे.

प्रथम पाहुणा कोण आहे ते ओळखावे, कारण पुढची सगळी उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. दाट वस्तीतल्या बागेत झाडाझुडपांतून सुळकन येऊन पक्षी उचलणारा बहुधा आखूड, गोलसर पंखांचा आणि लांब शेपटीचा असतो. आशिया आणि आफ्रिकेतल्या अनेक शहरांत तो शिक्रा असतो, युरोपात युरेशियन स्पॅरोहॉक, तर उत्तर अमेरिकेत कूपर्स हॉक. या गटातल्या पक्ष्यांना पुढे मी नुसते ‘हॉक’ म्हटले आहे. या सर्वांची शरीररचना एकाच कामासाठी घडलेली आहे: आखूड पंखांमुळे फांद्यांच्या दाटीतून वळता येते, लांब शेपटी सुकाणूसारखी फिरते, आणि लांब, सडपातळ पायांमुळे झुडपात शिरलेल्या पक्ष्यालाही आत पंजा घालून ओढता येते. ससाण्यांचे पंख लांब व टोकदार असतात आणि त्यांना मोकळे आकाश लागते. बहिरी ससाणा उंचावरून सूर मारताना ताशी ३०० किलोमीटरचा वेग ओलांडतो, पण असा वेग दोन भिंतींमधल्या बागेत काही उपयोगाचा नाही, म्हणून तो शहरात उंच इमारतींच्या आसपास कबुतरांमागे दिसतो. घार मुख्यतः पडलेले उचलणारी आहे. तिने अंगणातून चिमणी पकडणे अगदीच अशक्य नसले, तरी तिचे लक्ष कचऱ्यावर, मेलेल्या उंदरावर किंवा उघड्यावरच्या मांसावर जास्त असते. रात्री घडलेल्या शिकारीमागे घुबड असते. पिंगळा दिव्याखाली जमणारे किडे टिपतो आणि गव्हाणी घुबड उंदीर संपवते.

शिक्रा ओळखताना एक घोटाळा नेहमी होतो. पावशा हा कोकिळेच्या कुळातला पक्षी रंगाने, छातीवरच्या पट्ट्यांनी आणि उडण्याच्या ढबीनेही शिक्र्यासारखा दिसतो, इतका की लहान पक्षीसुद्धा त्याला पाहून ओरडू लागतात. चोच पाहावी: शिक्र्याची चोच आखूड आणि आकड्यासारखी वळलेली असते, पावशाची सरळसर व बारीक. छातीवर आडव्या पट्ट्या असतील तर शिक्रा प्रौढ आहे, उभे ठिपकेदार ओघळ असतील तर तो पहिल्या वर्षातला आहे. वयाचा हा फरक महत्त्वाचा आहे, कारण बागेत धीटपणे, कधी कधी अडाणीपणे शिकार करू पाहणारा पक्षी पुष्कळदा असा नवशिकाच असतो. युरेशियन स्पॅरोहॉकच्या पिल्लांपैकी निम्म्याहून अधिक पहिले वर्ष पुरे करत नाहीत, आणि उपासमार हे त्यांच्या मृत्यूचे एक मोठे कारण असते. आपल्याला ज्याची दहशत वाटते त्याचे बहुतेक हल्ले वाया जातात.

नर आणि मादी यांच्या आकारातही मोठे अंतर असते. या गटात मादी मोठी. स्पॅरोहॉकमध्ये तर तिचे वजन नराच्या जवळजवळ दुप्पट भरू शकते. त्यामुळे नर चिमणीएवढ्या पक्ष्यांवर भागवतो आणि मादी होल्या-कबुतरांवर हात टाकू शकते. बागेतून होला गेला असेल आणि चिमण्या सुरक्षित असतील, तर बहुधा मादी येत असावी, असा अंदाज करता येतो.

हे पक्षी पूर्वी आपल्या बागेत नव्हते आणि आता कुठून आले, असे अनेकजण विचारतात. विसाव्या शतकाच्या मध्यावर डीडीटी आणि त्याच्यासारखी कीटकनाशके अन्नसाखळीतून शिकारी पक्ष्यांच्या शरीरात साठली, त्यांच्या अंड्यांची कवचे पातळ होऊन ती उबवतानाच फुटू लागली, आणि युरोप-अमेरिकेच्या मोठ्या भागांतून बहिरी ससाणा व स्पॅरोहॉक जवळजवळ नाहीसे झाले. अमेरिकेत १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली, इतर देशांतही निर्बंध आले, आणि पुढच्या काही दशकांत हे पक्षी सावरले. सावरताना त्यांना शहरांत दोन गोष्टी आयत्या मिळाल्या: भरपूर कबुतरे-चिमण्या आणि बंदुकीचा अभाव. शिकागो परिसरातल्या, दाणे ठेवणाऱ्या नागरिकांच्या नोंदींवर आधारलेल्या एका अभ्यासात असे दिसले की १९९० च्या दशकात सुमारे २६ टक्के ठिकाणी कूपर्स हॉक किंवा त्याचा लहान भाऊबंद शार्प-शिन्ड हॉक येत असे, तर दोन दशकांनंतर हे प्रमाण सुमारे ६७ टक्क्यांवर पोहोचले. झाडी किती आहे यापेक्षा भक्ष्य किती आहे यावर त्यांचे टिकणे अवलंबून होते. म्हणजे ज्यांनी दाणे ठेवले त्यांनी चिमण्यांबरोबर हॉकलाही आमंत्रण दिले. मला यात काही चुकीचे वाटत नाही. जिथे शिकारी पक्षी टिकतो तिथे खालची साखळी बऱ्यापैकी शाबूत आहे, एवढे तरी निश्चित कळते.

शहरात शिकण्याची त्यांची क्षमता किती आहे, याचे मला आवडणारे उदाहरण न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंज येथील आहे आणि ते २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. एका घरासमोरच्या अंगणात सांडलेले अन्न टिपायला चिमण्या व इतर पक्षी जमत. जवळच्या चौकात पादचाऱ्याने सिग्नलचे बटण दाबले की विशिष्ट आवाज येई, लाल दिवा जास्त वेळ राही आणि थांबलेल्या गाड्यांची रांग त्या घरापर्यंत लांबे. एक तरुण कूपर्स हॉक तो आवाज ऐकताच दूरच्या झाडावर येऊन बसे, रांग पुरेशी लांबली की गाड्यांच्या आडोशाने जमिनीलगत उडत येई आणि अखेरच्या क्षणी रस्ता ओलांडून थव्यावर तुटून पडे. रांग लांबण्याआधी, केवळ आवाजावरून, त्याला पुढचे चित्र कळत होते. अशा बुद्धीच्या पक्ष्याला प्लॅस्टिकचे घुबड टांगून फसवता येईल, ही आशा सोडून द्यावी. दोन-चार दिवसांत न हलणारी वस्तू म्हणजे काही नाही, हे त्यालाही कळते आणि चिमण्यांनाही.

लहान पक्षी असहाय असतात, हाही गैरसमज आहे. उडत्या शिकारी पक्ष्याला पाहताच अनेक लहान पक्षी बारीक, उंच पट्टीची, लांबट शीळ घालतात. तिचा उगम नेमका कुठे आहे हे हॉकला ओळखणे अवघड जाते आणि ऐकणारे सारे जागच्या जागी थिजतात किंवा झुडपात शिरतात. हाच शत्रू फांदीवर बसलेला सापडला तर आवाज बदलतो: कर्कश, तुटक, जोरकस ओरडा सुरू होतो, कावळे, कोतवाल, बुलबुल गोळा होतात आणि त्याला जागा सोडायला लावतात. उत्तर अमेरिकेतल्या चिकडी पक्ष्यांत तर धोका जितका मोठा तितक्या त्यांच्या हाकेच्या शेवटी येणाऱ्या ‘डी’ या ध्वनीच्या आवृत्त्या वाढतात, आणि लहान, चपळ घुबडासाठी त्या मोठ्या घुबडापेक्षा जास्त असतात, कारण लहान घुबडच त्यांना पकडू शकते. बागेत एकाएकी शांतता पसरली आणि थाळीवर कुणीच नसले, तर वर पाहावे. तुमच्याआधी सर्वांनी त्याला पाहिलेले असते.

आता मूळ चिंतेकडे येतो: पक्षी संपतील का? ऑक्सफर्डजवळच्या वायथम वुड्स या जंगलात, कीटकनाशकांच्या काळानंतर स्पॅरोहॉक परतले तेव्हा त्यांनी घरट्यांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या टिट पक्ष्यांच्या पिल्लांचा मोठा वाटा खाल्ला, तरीही पुढच्या वसंतात वीण करणाऱ्या टिट जोड्यांची संख्या घटली नाही. एक जोडी एका हंगामात अनेक पिल्ले वाढवते. त्यांतल्या बहुतेकांना थंडी, भूक आणि जागेची टंचाई गाठणारच असते, आणि हॉकने नेलेल्यांमुळे उरलेल्यांच्या वाट्याला थोडे जास्त अन्न येते. हा नियम सर्वत्र सारखाच लागू आहे असे मी म्हणणार नाही. ब्रिटनमधल्या चिमण्यांची घट आणि स्पॅरोहॉकचे पुनरागमन यांचा संबंध दाखवणारा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला होता आणि त्यावर मतभेद झाले. तरीही एका बागेपुरते बोलायचे तर अनुभव असाच आहे की हॉक असताना पक्षी कमी दिसतात, कारण ते लपून राहतात, आणि तो निघून गेला की ते परत येतात. तुलनेसाठी दोन आकडे ध्यानात ठेवावेत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार एकट्या अमेरिकेत मोकळ्या मांजरांमुळे वर्षाला १.३ ते ४ अब्ज पक्षी मरतात, आणि २०१४ मधल्या अंदाजानुसार इमारतींवर आदळून सुमारे ३६.५ कोटी ते ९८.८ कोटी.

म्हणून करण्यासारख्या गोष्टींत मी सर्वांत आधी काच घेतो. शिकारी पक्षी झडपतो तेव्हा थवा भेदरून सुटतो, आणि काचेतले आकाशाचे प्रतिबिंब त्याला खरे आकाश वाटते; कित्येकदा पाठलाग करणारा हॉकही त्याच काचेवर आपटतो. आमच्याकडे येणाऱ्या जखमी शिक्र्यांच्या बाबतीत पहिला प्रश्न मी खिडकीचाच विचारतो. दाण्याची थाळी काचेपासून एक मीटरच्या आत ठेवावी, कारण एवढ्या थोड्या अंतरात पक्ष्याला जीवघेणा वेग पकडता येत नाही. ते जमत नसेल तर ती खूप दूर, दहा मीटर किंवा त्याहून लांब न्यावी. मधले अंतर सर्वांत वाईट. काचेच्या बाहेरच्या बाजूला ठिपके, रेघा किंवा दोऱ्या इतक्या जवळजवळ असाव्यात की दोन खुणांमध्ये सुमारे ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त फट राहणार नाही. काचेच्या मधोमध चिकटवलेली ससाण्याची एकच काळी आकृती, जी पुष्कळ घरांत दिसते, जवळजवळ निरुपयोगी आहे: पक्षी तिला घाबरत नाहीत, तिच्या बाजूने जाऊ पाहतात आणि उरलेल्या काचेवर आदळतात.

थाळीच्या जागेचा दुसरा विचार आडोशाचा. दाट, शक्यतो काटेरी झुडूप थाळीपासून सुमारे तीन मीटरवर असावे. त्याहून जवळ असले तर मांजर किंवा हॉक त्यातच दबा धरून बसतो. फार दूर असले तर चिमणीला तिथवर पोहोचता येत नाही. थाळीच्या वर मोकळी, सुकलेली फांदी किंवा तार असेल आणि हॉक रोज तिथेच बसत असेल, तर ती काढावी. दाणे जमिनीवर पसरू नयेत, कारण खाली मान घालून टिपणाऱ्या होल्यांना सर्वांत उशिरा कळते. थाळीभोवती सैल जाळी मात्र लावू नये; तिच्यात हॉकही अडकतो आणि चिमण्याही, आणि अडकलेला पंख सोडवताना बहुधा मोडतो.

एवढे करूनही शिकारी पक्षी रोज ठरल्या वेळी येत असेल, तर दाणे एक ते दोन आठवडे बंद करावेत. थवा विखुरतो, शिकारी पक्ष्याला तिथे बसण्यात अर्थ राहत नाही, तो आपल्या फेरीतल्या दुसऱ्या जागा धरतो. लहान पक्षी या काळात उपाशी राहतील अशी भीती बाळगू नये, कारण त्यांचे पोट एका थाळीवर चालत नाही. नंतर दाणे थोड्या प्रमाणात आणि वेळा बदलत ठेवावेत. दगड मारणे, फटाके वाजवणे, सापळा लावणे, घरटे पाडणे यांतले काहीही करू नये. बहुतेक देशांत शिकारी पक्ष्यांना कायद्याचे संरक्षण आहे, मग तो भारताचा १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा असो, अमेरिकेचा १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांविषयीचा कायदा असो किंवा ब्रिटनचा १९८१ चा कायदा असो.

विषाबद्दल मला सर्वांत कळकळीने लिहायचे आहे. उंदरांसाठी वापरली जाणारी ब्रोडिफॅकम आणि ब्रोमॅडिओलोनसारखी औषधे रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडतात, पण उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस विष खात राहतो, मंद होतो, उजेडात भटकू लागतो आणि म्हणून शिकारी पक्ष्याला सहज सापडतो. विष उंदराच्या यकृतातून पक्ष्याच्या यकृतात जाते आणि तिथे महिनोन्‌महिने साठत राहते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयातून फेब्रुवारी २०२३ मध्ये सुटलेले ‘फ्लॅको’ नावाचे मोठे घुबड वर्षभर मॅनहॅटनमध्ये उंदीर आणि कबुतरे मारून जगले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एका इमारतीजवळ कोसळलेले सापडले. शवविच्छेदनात त्याच्या शरीरात चार वेगवेगळी उंदीरनाशके आढळली, आणि कबुतरे खाल्ल्यामुळे लागलेला हर्पीसविषाणूचा तीव्र संसर्गही आढळला. इमारतीशी टक्कर झाली नसती तरी ते वाचणे कठीण होते. ज्या घरात दाण्यांची थाळी आहे तिथे उंदीर येणारच. त्यांच्यासाठी विष ठेवणे म्हणजे पक्ष्यांना एका हाताने दाणे देऊन दुसऱ्या हाताने त्यांच्या राखणदाराला मारणे होय. सांडलेले दाणे रोज संध्याकाळी झाडावेत, साठवण बंद डब्यात ठेवावी, बिळे बुजवावीत आणि अगदीच गरज पडली तर चापाचा पिंजरा आडोशाला लावावा.

थाळी व पाण्याचे भांडे धुण्याचे महत्त्वही याच साखळीत आहे. कबुतरे व होले ट्रायकोमोनास नावाचा परजीवी बाळगतात, तो घशात गाठी आणतो, आणि असे भक्ष्य भरवल्याने हॉकची पिल्ले घरट्यातच मरतात. अमेरिकेच्या टूसॉन शहरातल्या कूपर्स हॉकवर १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासात पिल्लांच्या मृत्यूचे प्रमुख कारण हेच निघाले, कारण तिथे त्यांचे मुख्य खाद्य होले होते. भांडी आठवड्यातून किमान एकदा घासून, पूर्ण वाळवून मगच भरावीत.

कुत्र्याविषयी मी फारसे लिहीत नाही, कारण भीतीला आधार थोडा आहे. शिक्रा किंवा स्पॅरोहॉक काही शे ग्रॅम वजनाचा असतो आणि तो कुत्र्याकडे वळत नाही. रेड-टेल्ड हॉकसारखा मोठा पक्षीही साधारण एक ते दीड किलोचाच असतो, आणि शिकारी पक्षी स्वतःच्या वजनाहून जड काही उचलून सहसा उडू शकत नाही. जिथे असे मोठे पक्षी किंवा मोठी घुबडे आहेत तिथे अगदी लहान पिल्लू आणि ससा एकटे सोडू नयेत, कोंबड्यांच्या खुराड्यावर घट्ट ताणलेली जाळी असावी. बाहेर टांगलेल्या पिंजऱ्यातल्या पोपटांना व मुनियांना मात्र खरा धोका आहे: हॉक पिंजऱ्याला लटकून गजांतून पंजा घालतो आणि आतला पक्षी घाबरूनच जखमी होतो. पिंजरा घरात घ्यावा.

मुलांनी पाहिलेल्या शिकारीबद्दल काय सांगावे, हा प्रश्न सर्वांत अवघड आहे. ससाणा चोचीवरच्या दातासारख्या उंचवट्याने मानेचा कणा तोडतो, म्हणून त्याचे भक्ष्य लवकर मरते. शिक्रा आणि त्याचे भाऊबंद पंजाने आवळून मारतात, आणि मोठा पक्षी असेल तर तो पुरता मरण्याआधीच पिसे उपटायला सुरुवात करतात. हे पाहवत नाही, हे मी मान्य करतो. तरीही मध्ये पडू नये. सुटलेला पक्षी बहुधा जखमांनी मरतोच, आणि उपाशी हॉकला पुन्हा दुसरा मारावाच लागतो. पंख पसरून भक्ष्य झाकून तो बसला असेल तेव्हा मुलांना खिडकीच्या आतून, शांतपणे, त्याचे डोळे आणि पंजे पाहू द्यावेत. त्यांनी प्रश्न विचारले तर सरळ उत्तरे द्यावीत. तो गेल्यावर मुलांबरोबर जमिनीवरची पिसे तपासता येतात. पिसे मुळासकट, सुटी सुटी, गोलात विखुरलेली असतील आणि दांड्यावर चोचीच्या चिमट्याची खूण असेल तर हे हॉकचे काम. पिसे तुटलेली, चावलेली, एकमेकांना चिकटलेली असतील तर मांजराचे. घुबडाने झाडाखाली ओकून टाकलेल्या, न पचलेल्या अवशेषांच्या गोळीत उंदराच्या कवट्या आणि हाडे अखंड सापडतात, हॉकच्या गोळीत बहुतेक केस व पिसेच असतात, कारण त्याचे जठर हाडे विरघळवते.

वीण चालू असताना बागेतल्या किंवा शेजारच्या झाडावर घरटे असेल तर नर-मादी जवळून जाणाऱ्या माणसाच्या डोक्यावरून झेपावू शकतात. हा काळ काही आठवड्यांचा असतो. तेवढे दिवस वाट बदलावी किंवा छत्री घ्यावी.

शिकारी पक्षी काचेवर आपटून खाली पडला असेल तर जाड टॉवेल अंगावर टाकून त्याचे पंख शरीराशी मिटवून उचलावा. जपायचे ते त्याच्या पंजांपासून, चोच त्या मानाने निरुपद्रवी असते. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात तळाशी कापड घालून त्याला ठेवावे, झाकण लावावे आणि खोके अंधाऱ्या, शांत जागी ठेवावे. तोंडात पाणी, दूध किंवा पाव काहीही घालू नये, फोटोसाठी झाकण उघडू नये, आणि सावध दिसला तरी वन्यजीव पुनर्वसन केंद्राला कळवल्याशिवाय सोडू नये, कारण डोळ्याच्या आत झालेला रक्तस्राव बाहेरून दिसत नाही आणि एका डोळ्याने कमी दिसणारा हॉक शिकार करू शकत नाही. त्याच धडकेत चिमणी किंवा होला पडला असेल तर त्यालाही वेगळ्या खोक्यात तसेच ठेवावे. तासा-दोन तासांनी तो आत फडफडू लागला, तर खोके बाहेर नेऊन काचेपासून दूर, झुडपाच्या दिशेने उघडावे.